घर हीच शाळा : शिस्त हवी, ताठरपणा नको
(कुटुंबांसाठी अभ्यासपाठ)

वाचनासाठी : अनुवाद ६:४-९, लूक २:३९-५२, मार्क २:२३-२८



गेल्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील काही आईवडिलांनी आम्हांला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. "फादर, मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवले तर चालेल का?" कोणी बदलीच्या नोकरीमुळे विचारतो, कोणी एका लेकराच्या आजारपणामुळे, कोणी फी परवडत नाही म्हणून, तर कोणी मुलांवर ख्रिस्ती संस्कार नीट व्हावेत या तळमळीने. ज्यांनी अशी सुरुवात केली आहे त्यांचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. "तीन मुले, तीन इयत्ता आणि शिकवणारी आई एक. वेळापत्रक लिहून भिंतीवर लावले, पंधरा दिवसांत ते मोडले. आता आम्ही हरलो का?"

या दुसऱ्या प्रश्नावर आज आपण विचार करू. ज्यांची मुले नियमित शाळेत जातात त्यांनीही हा पाठ वाचावा. संध्याकाळी एकाच खोलीत तिघांचा अभ्यास घेणारी आई आणि दिवसभर घरी शिकवणारी आई यांची अडचण फारशी वेगळी नसते.

१. ख्रिस्तसभा काय शिकवते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी एक घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक मानले आहे. संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी जे प्रबोधन केले त्यातही हेच सांगितले : मुलांना घडवण्याचा आईवडिलांचा हक्क आणि कर्तव्य मूळचे आहे, ते पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती सोपवून मोकळे होता येत नाही. मात्र त्याच प्रबोधनात त्यांनी पुढे असेही स्पष्ट केले की आईवडील हे पहिले शिक्षक असले तरी एकटे शिक्षक नाहीत. शाळा, धर्मग्राम आणि समाज हे त्यांचे सोबती आहेत.

या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. पहिली विसरलो तर "फी भरली, आमचे काम संपले" असे होते. दुसरी विसरलो तर घराच्या चार भिंतींत सगळे जग कोंबण्याचा प्रयत्न होतो आणि आई थकून जाते.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे इस्राएली लोकांना देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवायला सांगतो. ती केव्हा सांगायची, तर घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. येथे घंटा आणि तास यांचा उल्लेख नाही. दिवस जसा असेल तसा घ्यायचा आणि त्यातच शिकवायचे. वचन पक्के आहे, प्रसंग बदलते आहेत.

२. शिशाची पट्टी

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातील एक दृष्टान्त अभ्यासला होता. तो येथे उपयोगी पडेल. लेस्बॉस बेटावरचे गवंडी ओबडधोबड दगड मोजण्यासाठी शिशाची पट्टी वापरत. लोखंडी पट्टी ताठ राहते. दगडाला बाक असेल तर दोघांमध्ये फट पडते आणि माप चुकते. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वळते, म्हणून तिचे माप बरोबर येते. ॲरिस्टॉटल म्हणतो की कायदा सर्वांसाठी एकच लिहिलेला असतो. एखादा प्रसंग त्यात बसत नाही तेव्हा कायदा करणाऱ्याच्या मनात जे हित होते ते पाहून निर्णय घ्यावा. या गुणाला ग्रीक भाषेत 'एपिकेइया' म्हणतात. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला सद्गुणांत स्थान दिले आणि न्यायाचाच एक भाग मानले.

म्हणजे नियम प्रसंगानुसार वळवणे हा दुबळेपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. शिशाची पट्टी वळते, पण ती पट्टीच राहते. गवंडी ती फेकून देऊन अंदाजाने भिंत बांधत नाही. लवचिकता आणि ढिलाई यांत एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. लवचिक आई आज गणित सकाळऐवजी दुपारी घेते. ढिलाई आली की गणित आज नाही, उद्याही नाही, आणि महिन्याने कोणाला आठवतही नाही.

प्रभू येशूने शब्बाथाविषयी जे सांगितले (मार्क २:२७) ते वेळापत्रकालाही लावून पाहावे. वेळापत्रक मुलासाठी केलेले असते, मूल वेळापत्रकासाठी जन्मलेले नसते.

३. तीन उदाहरणे

पहिले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. आपण सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जातो तेव्हा दौंड सोडल्यावर केडगाव स्टेशन लागते. तेथील मुक्ती मिशन त्यांनीच उभारले. रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. त्या शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. रमा आठ वर्षांची झाली तेव्हा वडील वृद्ध झाले होते, म्हणून आईनेच तिला शिकवायला घेतले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत गावोगाव फिरत असे. स्थिर घर नव्हते. दिवसभर आईच्या मागे कामे असत. म्हणून धडा पहाटे, उजाडण्यापूर्वी होई. झोपेतल्या लेकीला आई मायेने उठवी आणि पाठ घेई. पुढे १८७४ च्या दुष्काळात आईवडील दोघेही गेले, पण १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी याच मुलीला 'पंडिता' ही पदवी दिली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या कॅथॉलिक नव्हत्या, तरी त्यांच्या आईची शाळा आपल्याला पुष्कळ शिकवते. जागा रोज बदलली, परिस्थिती बदलली, पहाटेचा धडा चुकला नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच शहरातले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि प्रत्येक घर बळेच शाळा बनले. ऑनलाइन वर्गासाठी घरोघरी स्मार्टफोन कोठून येणार? जेथे एक फोन होता तेथे तीन मुले आणि वडिलांची नोकरी यांची ओढाताण होती. तेव्हा नीलमनगर भागातील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतील सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. अक्षरे, आकडे, सूत्रे, व्याकरण. तो भाग प्रामुख्याने कापड उद्योगातील कामगारांचा. मुले येता-जाता, अंतर राखून, भिंतीपुढे उभी राहून वाचू लागली. त्या शिक्षकांनी वर्ग भरत नाही म्हणून शिकवणे थांबवले नाही आणि फोन नाही म्हणून मुलांना दोष दिला नाही. साधन गेले, तर दुसरे साधन शोधले.

तिसरे उदाहरण बाळ येशूच्या संत तेरेजाचे. मार्टिन कुटुंबात नऊ मुले जन्मली, पाच मुली जगल्या. तेरेजा सर्वांत धाकटी. ती साडेचार वर्षांची असताना १८७७ साली आई वारली. लिझ्यू येथील घरी थोरल्या बहिणींनी, विशेषतः पॉलीनने, तिला शिकवले. १८८१ साली तिला धर्मभगिनींच्या शाळेत घातले. अभ्यासात ती हुशार होती, पण शाळेत तिचे मन रमले नाही, तब्येतही बिघडत गेली. १८८६ साली वडिलांनी तिला शाळेतून काढून खासगी शिकवणी लावली. घर, मग शाळा, मग शिकवणी. एकाच मुलीसाठी तीन मार्ग, तिच्या गरजेप्रमाणे. तिच्या चार बहिणींसाठी तिच्या वडिलांनी हेच केले असे नाही. प्रत्येकीचा विचार वेगळा झाला. हीच तेरेजा १९९७ साली ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित झाली आणि तिचे आईवडील २०१५ साली संत म्हणून घोषित झाले.

४. ताणा आणि बाणा

सोलापूरकरांना माग समजावून सांगण्याची गरज नाही. चादर विणताना आधी ताणा लावतात. उभे धागे ताणून पक्के बांधलेले असतात. मग धोटा इकडून तिकडे फिरतो आणि बाण्याचे आडवे धागे भरत जातात. बाण्याचा रंग बदलता येतो. ताणाच सैल पडला तर मात्र कापड होत नाही, गुंता होतो.

घरच्या शाळेतही ताण्याचे धागे थोडेच असावेत, पण पक्के असावेत. आमच्या मते ते चार आहेत.

पहिला, एकत्र प्रार्थना. सकाळची दोन मिनिटांची असो वा रात्रीची जपमाळ, पण रोज.
दुसरा, वाचन, लेखन आणि गणित. प्रत्येक मुलाने रोज थोडे वाचावे, थोडे लिहावे, थोडी गणिते सोडवावीत.
तिसरा, एक वेळचे जेवण सर्वांनी एकत्र बसून, फोन बाजूला ठेवून.
चौथा, रविवारची मिस्सा आणि धर्मशिक्षणाचा वर्ग. घरी उत्तम धर्मशिक्षण देणाऱ्या कुटुंबानेही मुलांना या वर्गापासून दूर ठेवू नये. विश्वास ही एका घराची खासगी मालमत्ता नाही.

बाकी सगळा बाणा. कोणता विषय कोणत्या वेळी, बसून की अंगणात, पुस्तकातून की बाजारात, हे घराप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलू द्यावे.

५. अनेक मुलांच्या घरासाठी काही सूचना

(अ) घड्याळापेक्षा क्रम धरा. "नऊ ते दहा मराठी" असे लिहिले की सव्वानऊला पाहुणा आला आणि दिवस मोडला. त्याऐवजी "प्रार्थनेनंतर वाचन, वाचनानंतर गणित" असा क्रम ठेवावा. नळाला पाणी येण्याच्या दिवशी घरातली सगळी माणसे भांडी-पिंपे भरण्यात असतात. त्या दिवशी अभ्यास दोन तास उशिरा सुरू होईल, पण क्रम तोच राहील. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी आपल्या पत्र्याच्या घरांत बसवत नाही. तेव्हा अभ्यास पहाटेकडे सरकवावा.

(आ) राहिलेल्या ठिकाणापासून पुढे चला. इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला, गायन अशी यादी करावी. आज दोन विषय झाले तर उद्या तिसऱ्यापासून सुरुवात. "सोमवारचा भूगोल बुडाला" ही हळहळ राहत नाही आणि तोच विषय पुनःपुन्हा बुडतही नाही.

(इ) जे एकत्र शिकवता येते ते एकत्र शिकवा. बायबलमधील गोष्ट, नकाशा, झाडे-पाखरे, गाणी, कथा हे पाच वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या मुलाला एकत्र देता येते. धाकटा चित्र काढील, मधला दोन ओळी लिहील, थोरला पानभर लिहील. गणित आणि प्रारंभीचे वाचन मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र घ्यावे. त्यात घाई केली की पाया कच्चा राहतो.

(ई) थोरल्याने धाकट्याला शिकवावे, पण मर्यादेत. शिकवताना शिकणे पक्के होते हे खरे. परंतु थोरली मुलगी घरातली दुसरी आई बनते आणि तिची स्वतःची वही कोरी राहते असे घरभेटींत आमच्या पाहण्यात येते. विशेषतः मुलींच्या बाबतीत. तिचा अभ्यासाचा वेळ आधी राखून ठेवावा, मग तिच्याकडून मदत घ्यावी.

(उ) अडचणीच्या दिवसाचा लहान नियम आधीच ठरवा. कोणी तापाने पडले आहे, आईची तब्येत बरी नाही, घरात दुःखाचा प्रसंग आहे. अशा दिवशी प्रत्येकी दहा मिनिटे वाचन, पाच गणिते आणि प्रार्थना; एवढे झाले की दिवस पूर्ण झाला असे समजावे. मनाला टोचणी लावून घेऊ नये.

(ऊ) मुलांची तुलना करू नये. एक सहाव्या वर्षी वाचू लागतो, दुसरा आठव्या. घरच्या शाळेचा मोठा फायदा हाच की धाकट्याला थोरल्याच्या मापाने मोजावे लागत नाही. हा फायदा आपणच गमावू नये. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (६:४) संत पौल मुलांना चिडीस आणू नका असे बापांना बजावतात. रोजची तुलना मुलाला आतून चिडीस आणते.

(ए) बापाने बाजूला बसू नये. संत पौल तेथे बापांना उद्देशून लिहितात हे लक्षात घ्यावे. पाळीची नोकरी असली तरी आठवड्यातून दोन धडे वडिलांचे असावेत. आजी-आजोबांचाही वाटा असावा. आपल्या अनेक घरांत आजी तेलुगू किंवा कन्नड बोलते. ती भाषा नातवंडांना फुकट मिळणारी विद्या आहे.

(ऐ) रविवारी संध्याकाळी नवरा-बायकोने पंधरा मिनिटे बोलावे. या आठवड्यात काय जमले, काय जमले नाही, कोणते मूल गप्प गप्प आहे, आणि आईला विश्रांती मिळाली का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आई खचली तर घरची शाळा चालत नाही आणि घरही चालत नाही.

६. कायदा आणि कागदपत्रे

तळमळीबरोबर व्यवहारही पाहावा. शिक्षण हक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत दाखल करणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. घरी शिकवण्यासाठी त्यात स्वतंत्र व्यवस्था सांगितलेली नाही. म्हणून भावनेच्या भरात मुलाचे नाव शाळेतून काढू नये. आधी जाणकारांशी आणि शिक्षण विभागाशी बोलावे.

परीक्षेचे मार्ग आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून काम करते. तिच्या दहावीसाठी १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, आणि सगळे विषय एकदम न देता पाच वर्षांत नऊ संधींमध्ये पूर्ण करता येतात. आपल्या राज्य मंडळाची दहावी-बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या देता येते. त्याच्या अटी आणि तारखा वेळेवर पाहून घ्याव्यात. शाळा सोडल्याचा दाखला आपल्याकडे पुढे अनेक कामांना लागतो. म्हणून जन्मदाखला जपून ठेवावा आणि प्रत्येक मुलाच्या वह्या, वाचलेली पुस्तके व झालेला अभ्यास यांची तारीखवार नोंद ठेवावी.

७. शाळेत पाठवणे हीसुद्धा लवचिकता

येथे आम्हांला स्पष्ट बोलले पाहिजे. घरी शिकवणे हे शाळेत पाठवण्यापेक्षा अधिक ख्रिस्ती आहे असे ख्रिस्तसभा कोठेही शिकवत नाही. ज्या घरात आईवडील दोघेही कामावर जातात, ज्या घरात आई दिवसभर विड्या वळते किंवा शिलाईचे काम करते, तेथे मुलांना शाळेत पाठवणारे आईवडील कमी श्रद्धावान ठरत नाहीत. शाळेत सवंगडी मिळतात, निराळ्या घरांची, निराळ्या धर्मांची मुले भेटतात, शाळेत जेवण मिळते. काही मुलांसाठी हे अत्यंत आवश्यक असते.

म्हणून घरी शिकवणाऱ्या कुटुंबाने दरवर्षी, प्रत्येक मुलाचा वेगळा विचार करून, स्वतःला विचारावे : या मुलाला पुढच्या वर्षी काय हवे आहे? एक मूल घरी आणि दुसरे शाळेत असेही चालेल. शाळेत परत पाठवावे लागले तर ती हार नाही. संत तेरेजाच्या वडिलांनी मार्ग बदलला, पण लेकीवरचे लक्ष ढळू दिले नाही. "लोक काय म्हणतील" या भीतीने मुलाला घरी अडकवून ठेवणे ही मात्र लोखंडी पट्टी आहे. तिच्या आणि मुलाच्या मध्ये पडलेली फट दिसत असूनही ती आपण सोडत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या प्रबोधनात मुलांच्या शिक्षणाला एक पूर्ण प्रकरण दिले. मुलाच्या प्रत्येक हालचालीवर ताबा ठेवण्याच्या ध्यासाने शिक्षण होत नाही, त्याच्यामध्ये हळूहळू पक्व होण्याची प्रक्रिया सुरू करावी लागते, असा त्यांचा आशय आहे. नाझरेथच्या घराकडे पाहा. मरिया आणि योसेफ यांचे किती बेत मोडले! रातोरात मिसरला जावे लागले. बारा वर्षांचा मुलगा तीन दिवस सापडेना, आणि सापडला तेव्हा त्याचे उत्तर त्यांना उमगले नाही. तरी लूक लिहितो की तो त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि ज्ञानाने, शरीराने व देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढत गेला. हे वाढणे मुख्य. ते घडत असेल तर भिंतीवरचे वेळापत्रक फाटले तरी चालेल. दुसरे लिहिता येते.

कुटुंबात बसून चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात ताण्याचे पक्के धागे कोणते आहेत? त्यांतला कोणता सध्या सैल पडला आहे?
२. आपण कोणत्या गोष्टीत विनाकारण ताठर आहोत? कोणत्या गोष्टीत ढिले आहोत?
३. आपल्या मुलांपैकी कोणाकडे या महिन्यात सर्वांत कमी लक्ष गेले?
४. आईला या आठवड्यात विश्रांती कशी मिळेल? कोणते काम कोण उचलेल?
५. आपल्या धर्मग्रामातील कोणत्या घराला आपण एखादा धडा, एखादे पुस्तक किंवा एखादी दुपार देऊ शकतो?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला ही लेकरे सोपवली आहेत. प्रत्येकाला तू निराळे घडवले आहेस. त्यांना एकाच मापाने मोजण्याच्या मोहापासून आम्हांला आवर. जे सोडू नये ते घट्ट धरण्याचे बळ आणि जे बदलावे ते बदलण्याची समज आम्हांला दे. थकलेल्या आईला विसावा दे, बापाला घराकडे वळणारे मन दे, आणि आमच्या घरात तुझा पुत्र येशू मुलांबरोबर वाढू दे. आमेन.

आपले धर्मगुरू